दोन मातांची लेकरे आणि एक वारसा



घरातील कर्ता पुरुष गेला की शोक ओसरण्यापूर्वीच वाटणीचा प्रश्न उभा राहतो. पहिली पत्नी निवर्तल्यावर त्याने दुसरा विवाह केलेला असेल आणि दोन्ही विवाहांची अपत्ये हयात असतील, तर त्या प्रश्नातून कलह पेटतो. ‘सावत्र’ या शब्दात जे विष आहे, त्यातील पुष्कळसे हिशेब न समजल्यामुळे साठलेले असते. म्हणून आज मी आपल्यापुढे हिशेबच मांडणार आहे.

धर्मांतर केल्यावर आपला वारसा कोणत्या कायद्याने चालतो, ही शंका पुष्कळांच्या मनात असते. महाराष्ट्रातील बौद्धांना 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्धांचा उल्लेख आहे. या कायद्यात पतीच्या नावावरील मिळकत पतीचीच समजली जाते. पत्नीला तीत वाटा मिळतो तो त्याच्या मृत्यूनंतर, एक वारस म्हणून.

गोमंतकात मात्र निराळी व्यवस्था आहे. तेथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला असून, तिचा उत्तराधिकाराचा भाग 2016 पासून गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात अंतर्भूत झाला आहे. तो गोमंतकीयांना लागू होतो. मग ते हिंदू असोत, ख्रिस्ती असोत, मुसलमान असोत वा बौद्ध. गोमंतकीयाची मिळकत मुंबईत वा पुण्यात असली तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली दिला आहे. म्हणून ज्यांची सोयरीक गोव्यात आहे, त्यांनी हा कायदा समजून घेतलाच पाहिजे.

त्याचे मूळ तत्त्व असे : विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीची संपत्ती सामायिक होते आणि तिचा अर्धा भाग पत्नीच्या मालकीचा असतो. तो तिला कोणी कृपा म्हणून दिलेला नसतो, आणि वारसा म्हणूनही मिळालेला नसतो. तो तिचा स्वतःचा असतो.

आता उदाहरण घ्या. पहिल्या विवाहात पतिपत्नींनी 40 लाखांचे घर उभारले. दोन अपत्ये झाली आणि पत्नी निवर्तली. त्याच क्षणी घराचा अर्धा भाग, म्हणजे 20 लाख, तिचा वारसा ठरला. तो तिच्या दोन लेकरांचा, प्रत्येकी 10 लाख. पतीजवळ उरले त्याचे स्वतःचे 20 लाख. पुढे त्याने दुसरा विवाह केला. पूर्वीची मालमत्ता ज्याची त्याची राहावी आणि विवाहानंतर मिळवलेली तेवढी सामायिक व्हावी, असा करार विवाहापूर्वीच नोटरीपुढे झाला. या संसारात 20 लाखांचे दुकान घेतले आणि एक अपत्य झाले. मग तोही निवर्तला. मृत्युपत्र नाही, कर्ज नाही.

दुकानातील 10 लाख दुसऱ्या पत्नीचे. पतीचा वारसा म्हणजे घरातील 20 आणि दुकानातील 10, एकूण 30 लाख. तो तिन्ही लेकरांत समान, प्रत्येकी 10 लाख. येथे पित्याची मुले सारखी आहेत. थोरली-धाकटी, मुलगा-मुलगी, पहिलीची-दुसरीची, असा भेद नाही. थोरल्या दोघांजवळ 20-20 लाख झाले, कारण त्यांच्या मातेचे 10-10 त्यांना मिळालेच होते. धाकट्याजवळ 10 आहेत. त्याच्या मातेजवळ 10 आहेत आणि पुढे तेही त्याच्याकडेच येतील. प्रत्येक लेकराला पित्याचे समान आणि आपापल्या मातेचे मिळते. याहून न्याय्य काय असू शकते?

परंतु पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर तिचा वाटा वेगळा काढलाच नाही, तर काय होते? वीस वर्षांनी घर आणि दुकान मिळून 60 लाख एकत्र धरले जातात. अर्धे, म्हणजे 30 लाख, विधवेचे, आणि उरलेले 30 तिघांत, असा सोयीचा हिशेब मांडला जातो. थोरल्यांच्या हाती 20 ऐवजी 10 च येतात. त्यांच्या दिवंगत मातेचे सारे कष्ट कागदावरून पुसले जातात. आणि दोष दिला जातो तो सावत्र आईला! खरा दोष, पहिल्या मृत्यूनंतर जी नोंद करावयास हवी होती ती न करणाऱ्यांचा आहे.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली : जोडीदार निवर्तल्यास दुसऱ्या विवाहापूर्वी दिवाणी न्यायालयातून ‘इन्व्हेंटरी’, म्हणजे मिळकतीची यादी व वाटणी, करून घ्या. दुसरी : काही करार करावयाचा असेल तर तो विवाहापूर्वीच नोटरीपुढे करा, विवाहानंतर तो बदलता येत नाही. तिसरी : मृत्युपत्रावर भिस्त ठेवू नका. अपत्ये असताना पित्याला स्वतःच्या वाट्यापैकी अर्ध्याचीच मर्जीप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा लेकरांचा हक्क आहे. पत्नीच्या वाट्याला तर त्याची लेखणी स्पर्शही करू शकत नाही.

स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा, यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले, आणि ते रखडले तेव्हा 1951 साली मंत्रिपदाचा त्याग केला. जी माता आज बोलावयास हयात नाही, तिचा हक्क तिच्या लेकरांपर्यंत पोहोचविणे हेही त्याच कार्याचे अंग आहे. घरी गेल्यावर पेटीतील कागद बाहेर काढा, आणि कोणाचे नाव राहून गेले आहे ते पाहा.

जय भीम.