मोडीतून पुन्हा संसारात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्या पंक्तीत स्टोव्ह, शिवणयंत्र आणि रेडिओ ह्यांना आणून बसविताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला की, तुमच्या छंदाविषयीच बोला. आणि चिटणीसांचा आग्रह मोडणे मंडळाच्या कोणत्याही सभासदाला आजवर जमलेले नाही. यंत्रशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. बी.ए.ची पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीत लिहिलेल्या टिपण्या एवढेच माझे भांडवल. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते हात काळे करून मिळविलेले ज्ञान आहे एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या भाषेत ‘मोड’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. पितळेचा गुंड फुटला, तपेल्याचा काठ गेला, की ते भांडे मोडीत जाते. त्याची घडण, त्यावर कोरलेले नाव, त्यात शिजलेले अन्न ह्यांपैकी कशाचीही किंमत धरली जात नाही. फक्त तराजूत जे भरेल त्याचे पैसे हाती पडतात. वस्तू मोडीत निघते म्हणजे तिचे काम संपते आणि वजन तेवढे उरते. माझा छंद नेमका उलट्या दिशेचा आहे. वजनावर विकले जाणारे घरगुती यंत्र शोधावे, त्याला काय झाले आहे ते पाहावे, आणि शक्य असल्यास त्याचे काम त्याला परत मिळवून द्यावे.

सरकारी कचेरीत निकामी वस्तू निर्लेखित करण्याची रीत ठरलेली आहे. समिती बसते, वस्तूची पाहणी होते, शेरा मारला जातो आणि मगच लिलाव पुकारला जातो. ह्या दिरंगाईला आपण हसतो. पण घरात अशी समिती कधी बसत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ‘हे कशाला ठेवलंय अजून?’ एवढ्या एका प्रश्नात तीस वर्षे राबलेल्या यंत्राचा निकाल लागतो. त्या वस्तूची बाजू निदान एकदा ऐकून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशा वस्तू मिळतात कोठे? मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार आहे. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. हैदराबादेत गुरुवारचा जुमेरात बाजार आहे. मद्रासचे मूर मार्केट मात्र १९८५ च्या आगीत गेले. दिल्लीत आपल्याला जवळचा म्हणजे लाल किल्ला आणि जामा मशीद ह्यांच्या परिसरातील रविवारचा बाजार. आणि त्याखेरीज प्रत्येक वसाहतीतला कबाडी आहेच. परदेशांत हे काम धर्मादाय संस्थांची दुकाने करतात. अमेरिकेतील ‘गुडविल’ ह्या संस्थेचा उगम १९०२ साली बोस्टन शहरात झाला. एडगर हेल्म्स ह्या धर्मोपदेशकाने सधन घरांतून जुन्या वस्तू गोळा केल्या, गरिबांना त्या दुरुस्त करावयास शिकविले आणि विक्रीतून त्यांची मजुरी दिली. तेथे दुरुस्तीने वस्तूबरोबर माणसेही कामाला लावली, हे मला विशेष वाटते.

बाजारात गेल्यावर घाई करू नये. शिवणयंत्राचे चाक हाताने फिरवून पाहावे. जड फिरले तरी चालेल, मुळीच हलत नसेल तर दहादा विचार करावा. शटल आणि बॉबिन जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे. स्टोव्हच्या टाकीला पोचे असले तर बिघडत नाही, पण तळाशी चीर असता कामा नये. रेडिओची काच आणि आतील व्हॉल्व्ह शाबूत असावेत. विक्रेता ‘लावून दाखवतो’ म्हणाला, तर त्याला हात जोडून थांबवावे. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम शिवणयंत्राविषयी. आयझॅक सिंगर ह्यांना अमेरिकेत त्यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ साली मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात ‘उषा’ यंत्रे करावयास आरंभ केला. गांधीजींचा यंत्रांविषयीचा कटाक्ष प्रसिद्धच आहे. तथापि १९२४ सालच्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून जागा दिली होती. माझ्याकडील यंत्र ह्याच सिंगर जातीचे, पायाने चालविण्याचे आहे. त्याच्या बैठकीवर कोरलेल्या क्रमांकावरून ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात झाले, हे कळले. तो कारखाना १९८० साली बंद पडला. यंत्र चालू आहे.

बंद पडलेल्या शिवणयंत्राचा रोग बहुधा एकच असतो. वर्षानुवर्षे न पुसलेले तेल वाळून डिंकासारखे घट्ट होते आणि सांधे धरून बसते. प्रत्येक सांध्यात रॉकेलचे दोनचार थेंब सोडावेत, एक दिवस थांबावे, चाक हलकेच पुढेमागे करावे, निघालेली घाण पुसून घ्यावी, आणि हे जितके दिवस लागतील तितके दिवस करावे. बळ मुळीच लावू नये. सांधे सुटले की मशीनचे पातळ तेल द्यावे. खोबरेल वा खाण्याचे तेल घालू नये, ते पुन्हा चिकटते. काळ्या रंगावरील सोनेरी वेलबुट्टीला रॉकेल लावू नये. ती पुसली गेली की परत येत नाही. कातडी पट्टा नवा घ्यावा लागतो. एवढे झाले की शंभरातली नव्वद यंत्रे टाका घालू लागतात, असे माझे मिस्त्री सांगतात, आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही.

ह्या यंत्राच्या खणात मला एक अंगुस्तान आणि मापे लिहिलेली एक चिठ्ठी मिळाली. अक्षर गुरुमुखी होते. फाळणीनंतर ह्या शहरात आलेल्या कित्येक स्त्रियांनी शिवणकामाच्या आधारावर संसार पुन्हा उभे केले. ही चिठ्ठी त्यांपैकीच कोणाची, की एखाद्या सुखवस्तू घरातली, हे मला कधीच कळणार नाही. ती मी तशीच खणात ठेवली आहे. आपणही ह्या शहरात बाहेरून आलेली माणसे. आपल्या गणेशोत्सवातील नाटकाचे पडदे गेली काही वर्षे ह्याच यंत्रावर शिवले जातात, ह्यात मला एक प्रकारचा शेजारधर्म दिसतो.

आता स्टोव्ह. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट ह्यांनी वातीशिवाय जळणारा ‘प्रायमस’ तयार केला, आणि आपल्या आईआजींची चुलीच्या धुरातून काही अंशी सुटका झाली. टाकीत हवा भरावयाची, तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ व्हावयाची, ती बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळावयाची. काकडा, पंप, पिन आणि तो फरफर आवाज हे सारे येथील अर्ध्याहून अधिक श्रोत्यांच्या कानाडोळ्यांत आहे. पंप दाब धरीत नसेल तर बहुधा कातडी वॉशर सुकलेला असतो; तेलात मुरवला की तो पुन्हा फुलतो. टाकी रिकामी ठेवून हवा भरावी आणि पाण्याच्या बादलीत बुडवावी. बुडबुडा निघेल तेथे छिद्र. ते झाळून घ्यावे. चिंच लावली की पितळ बोलू लागते.

परंतु येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आमच्या लहानपणी वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द वारंवार येत. त्यांत होरपळणारी बहुधा घरातील सून असे, आणि त्यांतील सर्वच भडके अपघाती नव्हते. १९८३ साली कलम ४९८-अ आणि १९८६ साली कलम ३०४-ब भारतीय दंड संहितेत घालावे लागले, ही त्या काळाची नोंद आहे. जुने ते सोने असे आपण सहज म्हणतो. ह्या पितळेच्या झळाळीत ते भडकेही आहेत. म्हणून माझा स्टोव्ह मी दुरुस्त केला, एकदा निळी ज्योत पाहिली आणि टाकी कोरडी करून तो कपाटात ठेवला. काही वस्तू चालत्या कराव्यात आणि वापरू नयेत.

तिसरी वस्तू रेडिओ. व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. लाल किल्ल्यासमोरील लाजपतराय मार्केटमध्ये एक वृद्ध मिस्त्री मला गुरुस्थानी लाभले. त्यांचा पहिला धडा असा : आधी पाहा, मग पुसा, मग तपासा, वीज सर्वांत शेवटी. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रेडिओतील कंडेन्सर आतून दुबळे झालेले असतात. एकदम वीज दिली तर ते फुटतात आणि सोबत मौल्यवान ट्रान्सफॉर्मर जाळतात. म्हणून मघाशी विक्रेत्याला थांबवा असे म्हटले. जुने कंडेन्सर बदलावेत, मग शंभर वॉटचा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज द्यावी. दिवा पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे, तत्काळ बंद करावे. मंद होत गेला तर आशा आहे. आतील दाब दोनअडीचशे व्होल्टचा असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतो. काही शहरांत पूर्वी डी.सी. पुरवठा असल्यामुळे दोन्हीवर चालणारे रेडिओ निघत. त्यांचा सांगाडाच थेट विजेला जोडलेला असतो. तेव्हा हे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच करावे.

रेडिओच्या काचेवर गावांची नावे छापलेली असत. माझ्या रेडिओवर लंडन आहे, कोलंबो आहे, लाहोर आहे, पुणे नाही. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, त्यापूर्वीची ही काच असावी. त्याच पुणे केंद्राने १९५५ साली गीतरामायण सुरू केले आणि आठवड्यामागून आठवडा छप्पन्न गीते घराघरांत पोचविली. उलट दिशेने, दिल्लीहून प्रसारित होणाऱ्या मराठी बातम्या महाराष्ट्रातील खेडोपाडी ऐकल्या जात. ह्या शहरातला मराठी आवाज गावाकडे ज्या पेटीतून उमटत असे, ती पेटी ही अशी होती. आता मध्यम लहरींवरील केंद्रे कमी होत चालली आहेत. रात्री दूरचे एखादे केंद्र क्षीणपणे लागते तेव्हा घरातले सारे हातातले काम थांबवून ऐकतात.

सर्वच जुने राखावे असे माझे मत नाही. जुना पंखा सत्तरऐंशी वॉट वीज खातो, नवा त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या इस्त्रीत ॲस्बेस्टॉसचे थर असू शकतात; त्या उघडू नयेत. रबराच्या जुन्या वायरी हात लावताच गळतात. त्या बदलल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय काहीही वापरू नये. मात्र एक फरक लक्षात घ्यावा. ती यंत्रे स्क्रूने बंद केलेली असत, म्हणजेच ती कोणीतरी उघडील असे गृहीत होते. आजची कित्येक यंत्रे डिंकाने बंद केलेली असतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेरीस त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले, ते ह्याच कारणाने. हक्क मिळेल, पण दुरुस्त करणारे हात राहिले तर तो कामी येईल. माझ्या मिस्त्रींच्या हाताखाली आज एकही शिकाऊ मुलगा नाही.

शेवटी, हा विषय आज येथे का मांडला ते सांगतो. आपल्या पिढीवर एक काम येऊन पडले आहे आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ते म्हणजे गावाकडील आईवडिलांचे घर रिकामे करणे. चार दिवसांची रजा असते, एक भाऊ परदेशात असतो, इमारत पुनर्बांधणीस जावयाची असते आणि दाराशी भंगारवाला उभा असतो. त्या चार दिवसांत सारे घर मोडीत निघते. सगळे आणणे शक्य नाही, आणि बदलीच्या नोकरीत इष्टही नाही. माझी विनंती एवढीच की, एक यंत्र आणावे. सर्वांत महागाचे नको. जे कसे चालते हे सांगणारे वडीलधारे माणूस अद्याप हयात आहे, ते आणावे. त्यांना विचारून ते चालवावयास शिकावे. ते कोणाचे, कोठून घेतले, कोणी वापरले हे एका कागदावर लिहून आत चिकटवावे, म्हणजे उद्या ते परक्या हाती गेले तरी निनावी राहणार नाही.

दुसरी विनंती कार्यकारिणीस. ॲम्स्टरडॅम येथे २००९ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो पुढे अनेक देशांत पसरला. आपल्या मंडळातही शिवण येणाऱ्या काकू आहेत, निवृत्त अभियंते आहेत, आणि स्क्रू काढण्यासाठी हात शिवशिवणारी मुले आहेत. वर्षातून दोन रविवार दुपारी हे सभागृह त्यासाठी मोकळे ठेवावे. मिस्त्रींना मी मानाने घेऊन येईन; त्यांचा चहा आणि मानधन एवढी तजवीज मंडळाने करावी.