नळी टिकली, रिसीव्हर गेला

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअरबद्दल दहा मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरचे तेव्हासारखेच आजही डुलक्या घेतील. म्हणून नोकरी बाजूला ठेवते आणि छंदाबद्दल बोलते. त्या छंदाची एक खूण आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे आणि गेल्या काही वर्षांत तिनं बरीच तक्रार ऐकून घेतली आहे.

मी घड्याळं बनवते. काट्यांची नाही, निक्सी नळ्यांची. निक्सी म्हणजे निऑन वायू भरलेली काचेची छोटी नळी. तिच्या आत शून्य ते नऊ हे दहा आकडे पातळ तारेचे केलेले असतात आणि एकामागे एक उभे असतात. ज्या आकड्याला वीज मिळते, त्याच्याभोवती नारिंगी उजेड पसरतो. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखी ती तापायची वाट पाहावी लागत नाही, मात्र तिला साधारण १७० व्होल्ट लागतात. या नळ्या १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बरोज कंपनीनं बाजारात आणल्या. पुढे एलईडीचे आकडे आले आणि त्यांचं दुकान उठलं. माझ्याकडच्या नळ्या सोव्हिएत काळातल्या आहेत. तो देश राहिला नाही, नळ्या अजून पेटतात.

माझ्या हातून आजवर अशी नऊ घड्याळं झाली. सागवानी पेटी, आत हातानं डाग दिलेला बोर्ड आणि वेळ आकाशातून घेणारा एक जीपीएस रिसीव्हर. जीपीएस म्हणजे रस्ता दाखवणारं यंत्र एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण त्या उपग्रहांमध्ये अणुघड्याळं असतात आणि सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून ते सतत वेळ सांगत असतात. रिसीव्हर ती ऐकतो आणि दर सेकंदाला घड्याळाकडे एक ओळ पाठवतो. ती वेळ जागतिक असते. घड्याळ तिच्यात साडेपाच तास मिळवतं. ८२.५ अंश पूर्व रेखांश भूगोलाच्या तासाला उगाच पाठ करून घेतला नव्हता!

कुणी म्हणेल, इंटरनेटवरून का नाही वेळ घ्यायची? घेता येते. पण शाळेत नेट कधी असतं, कधी नसतं, पासवर्ड बदलतो आणि बदलणारी व्यक्तीही बदलते. उपग्रहाला रिचार्ज लागत नाही. लाइट गेली आणि आली की घड्याळ आपलं आपण लागतं.

मग बिघडलं काय? ७ एप्रिल २०१९, रविवार. पहाटे साडेपाचनंतर माझ्या काही घड्याळांनी २२ ऑगस्ट १९९९ ही तारीख दाखवायला सुरुवात केली. तास, मिनिटं, सेकंद अचूक. वारही बरोबर, कारण तोही रविवारच होता. फक्त वीस वर्षं गायब.

याचं कारण मोठं गमतीचं आहे. जीपीएसचा कालक्रम ६ जानेवारी १९८० पासून आठवड्यांनी मोजला जातो. उपग्रहाच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात आठवड्याच्या आकड्याला फक्त दहा बिट दिलेले आहेत. दहा बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते, गाडीच्या जुन्या मीटरसारखी. असं १९९९ मध्ये एकदा झालं आणि २०१९ मध्ये दुसऱ्यांदा. कितवी फेरी चालू आहे ते रिसीव्हरनं आपलं आपण ओळखायचं असतं. काही रिसीव्हरना तसं शिकवलेलं होतं. काहींना नव्हतं, आणि त्यांचं उत्पादन बंद झाल्यामुळे शिकवायला कुणी उरलं नव्हतं.

इथं मला एक विचार सुचला आणि तोच आज सांगायचा आहे. नऊ घड्याळांत सगळ्यात जुना भाग काचेची नळी, आणि ती टिकली. सगळ्यात आधुनिक भाग रिसीव्हर, आणि तो आधी गेला. बरं, नळी फुटली तरी वाट आहे. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी यांनी निक्सी नळ्या पुन्हा हातानं बनवायला सुरुवात केली, म्हणजे ती विद्या माणसाच्या हातात परत आली. रिसीव्हरची चिप मात्र कुणी घरी बनवू शकत नाही. ती मिळेल तीच घ्यायची.

मग सुरू झाली शोधाशोध. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चकरा झाल्या, मुंबईत लॅमिंग्टन रोड झाला. जुना रिसीव्हर मिळाला तरी रोग तोच. नवे स्वस्त आणि मुबलक, पण काहींच्या वर नाव एकाचं आणि आत चिप दुसऱ्याचीच. जे खरे होते त्यांचं जुन्या घड्याळाशी जमेना. जुना ५ व्होल्टवर बोलायचा, नवा ३.३ वर. जुना सेकंदाला ४८०० बिटांच्या संथ चालीनं ओळ पाठवायचा, नवा ९६०० नं. जुन्याच्या ओळीची सुरुवात जीपीआरएमसी या अक्षरांनी व्हायची. नवा अमेरिकेच्या जोडीला रशिया आणि युरोपचेही उपग्रह ऐकतो, म्हणून त्याची ओळ जीएनआरएमसी अशी सुरू होते. एका अक्षराचा फरक, पण घड्याळ ओळखच देईना! नव्याला ‘फक्त अमेरिकेचे ऐक’ असं सांगता येतं, पण काही रिसीव्हर लाइट गेली की ते विसरतात. आणि आपल्या भागात लाइट जाणारच.

शेवटी मी मध्ये एक दुभाषी बसवला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा बोर्ड, त्यावर एक साधा मायक्रोकंट्रोलर. नव्या रिसीव्हरची ओळ तो ऐकतो, तारीख तपासतो आणि घड्याळाला जुन्या भाषेत, जुन्या चालीनं सांगतो. घड्याळाला कळतही नाही की वरचा माणूस बदलला आहे.

ही अडचण माझ्यासारख्या हौशी लोकांचीच आहे असं समजू नका. आपल्या देशाची स्वतःची उपग्रह प्रणाली आहे, नाविक. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. त्यातली तिन्ही परदेशी अणुघड्याळं पुढे बंद पडली. आकाशात जाऊन डाग देता येत नाही. म्हणून बदली उपग्रह पाठवला, ऑगस्ट २०१७ मध्ये, तर त्याचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा गेला, तो पोचला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र आपल्या देशात बनलेलं रुबिडियम अणुघड्याळ होतं. दहा वर्षांत देशानंही हेच शिकून घेतलं की सुटा भाग आपल्याला बनवता किंवा बदलता आला पाहिजे.

घरातल्या घड्याळाला एवढी अचूकता कशाला, असंही मला विचारतात. घराला नकोच. पण अचूक वेळ कुठं लागते ते आपल्या वर्गाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आपण आठवीत होतो, गणपती विसर्जनाची रात्र होती. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आज या हॉलमध्ये अशीही माणसं आहेत ज्यांच्या घरातलं कुणीतरी त्यात होतं.

भूकंप नेमका कुठं झाला, हे वेगवेगळ्या केंद्रांवर लाट कधी पोचली यावरून काढतात. ती लाट जमिनीखालून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. एखाद्या केंद्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं तर त्याचा हिशोब सहा किलोमीटरनं चुकतो. सहा किलोमीटरमध्ये आपल्याकडे दोन-तीन गावं मावतात. मदत आधी कुठं न्यायची हा प्रश्न आहे तिथं ते फार झाले. म्हणून भूकंपमापन केंद्रं आज वेळ उपग्रहावरूनच घेतात. प्रयोगशाळेतल्या मुलांना मी निक्सीच्या उजेडाबरोबर हेही दाखवू इच्छिते.

आता शाळेच्या घड्याळाबद्दल. मुख्याध्यापिका बाईंनी फोन करून विचारलं होतं, ‘हे आता भंगारात द्यायचं का?’ नाही बाई. काल दुपारी मी आणि आठवीच्या चार मुलींनी त्यात नवा रिसीव्हर आणि दुभाषी बसवला. अँटेना खिडकीबाहेर सज्जावर आहे, कारण पत्र्याच्या छतातून उपग्रह ऐकू येत नाही. तिथं कपडे वाळत घालू नयेत ही शिपाईमामांना विनंती! पूर्ण बंद करून सुरू केल्यावर पहिली बारा-तेरा मिनिटं ते काही सेकंद इकडे तिकडे दाखवेल. लगेच मला फोन करू नका. आणि प्लग काढल्याशिवाय पेटी उघडू नका, आत १७० व्होल्ट आहेत.

पेटीच्या तळाशी एक वही ठेवली आहे. कुठली तार कुठं जाते, ओळ कशी असते, दुभाष्याचा प्रोग्राम काय आहे, सगळं मराठीत हातानं लिहिलेलं. पहिल्या पानावर एक तारीख आहे, २१ नोव्हेंबर २०३८. त्या रविवारी पहाटे साडेपाचला १०२४ आठवड्यांची तिसरी फेरी पूर्ण होईल. दुभाषी ती सांभाळेल अशी तजवीज केली आहे, पण तोवर रिसीव्हर तरी हाच असेल का, कुणी सांगावं? तेव्हा मी ५८ वर्षांची असेन. त्या चार मुली तिशीच्या आत असतील. त्यांतल्या एकीनं काल विचारलं, ‘मॅडम, तेव्हा आम्हाला येईल का हे?’ मी म्हटलं, आत्ताच केलंस की.

सर, बाई, आम्हाला तुम्ही वस्तू उघडून बघायला मना केलं नाहीत, त्याबद्दल आज जाहीरपणे आभार. माझी दहा मिनिटं संपली.