शेतातील निचऱ्याचे पाणी आणि ओढ्याकाठची पाणथळ



लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू, आळंदीवरून वाहत तुळापूर येथे भीमेस मिळते. पुढे हेच पाणी 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी जलाशयात जाते आणि सोलापूर शहराची तहान भागविते. इंद्रायणीवर पसरणाऱ्या जलपर्णीचा दोष पिंपरी-चिंचवडचे नागरी सांडपाणी व कारखाने यांस दिला जातो, व तो बव्हंशी रास्तच आहे. परंतु मावळातील भातखाचरे आणि चाकण भागातील कांद्याचे मळे यांतून पावसाबरोबर वाहून येणारे नत्र व स्फुरद हेही जलपर्णीचे खाद्यच होय.

कारखान्याचे सांडपाणी ठराविक जागी बाहेर पडते. तेथे नमुना घेता येतो. शेतातील पाणी मात्र शेकडो बांधांवरून ओढ्यात उतरते. ते शुद्ध करावयाचे तर ओढा नदीस मिळण्यापूर्वीच केले पाहिजे.

याकामी कृत्रिम पाणथळ उपयोगी पडते. प्रारंभी गाळ बसण्यासाठी खोल खड्डा, त्यापुढे गुडघाभर पाण्याचा पसरट भाग व त्यात पाणकणीस, लव्हाळा, वेखंड अशी लागवड, एवढीच तिची रचना. खरे काम चिखलातील जीवाणू करतात. प्राणवायू नसलेल्या थरात ते नायट्रेटचे रूपांतर वायूत करतात आणि नत्र हवेत निघून जाते. स्फुरदाचे तसे नाही. ते गाळास चिकटून तेथेच साचते. म्हणून वाढलेले पाणकणीस वेळेवर कापले नाही व गाळ उपसला नाही, तर काही वर्षांनी तीच पाणथळ स्फुरद परत पाण्यात सोडू लागते. उपसलेला गाळ शेतास उत्तम. मात्र ओढ्यात कारखान्याचे पाणी मुळीच येत नसेल तरच. जड धातू पाणथळीत नाहीसे होत नाहीत, साठतात.

डासांची शंका ग्रामसभेत हटकून निघते. पाणी हलते ठेवले व त्यात स्थानिक मासे सोडले, तर त्रास पुष्कळ कमी होतो. मुसळधार पावसाचा लोंढा बाजूने काढून देण्यासाठी सांडवा मात्र अवश्य हवा.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धत सांडपाण्यासाठी याच तत्त्वावर चालते. तंत्राची अडचण अशी नाहीच. अडचण आहे ती जागेची. पाणलोटाच्या साधारण एक ते पाच टक्के क्षेत्र यासाठी लागते, आणि चाकणसारख्या पट्ट्यात, जेथे जमीन गुंठ्यावर विकली जाते, तेथे ओढ्याकाठची सखल जागाच राडारोडा टाकून प्रथम बुजविली जाते. ग्रामपंचायतींनी गावनकाशावरून ओढ्यांच्या हद्दी मोजून घेणे, हे खोदकामाच्याही आधीचे काम आहे. एकदा भराव पडून त्यावर गोदाम उभे राहिले, की तेथे पाणकणीस लावता येत नाही.