डिझेलचा डबा आणि दोनशे लिटरचा ड्रम
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण संगणकावर तुमची मुलं माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी डिझेलवर बोलणार आहे, कारण आपल्यापैकी निम्मे जण संत्र्याच्या बगीच्यांत वाढलो.

१९९१ चा उन्हाळा आठवा. आपली सहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. आंबियाची फळं झाडावर, विहिरीत पाणी, आणि व्होल्टेज इतकं कमी की आमची मोटर जळाली. ती भरून आणली, पुन्हा जळाली. झाडं सुकताना बघून बाबांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घेतलं. आई काही बोलली नाही. पण पुढे कितीतरी लग्नांना ती काचेच्या बांगड्या घालून गेली, ते मला आठवतं.

त्याच वर्षी देशानेही सोनं गहाण ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेलाचे भाव भडकले, आपली परकीय गंगाजळी आटली. जुलै १९९१ मध्ये ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं. अडचणीची कारणं आणखीही होती, पण शेवटचा धक्का तेलाचा. देशाने ते कर्ज त्याच वर्षी फेडलं. आईच्या पाटल्या सुटायला पाच वर्षं लागली.

आजही आपण वापरतो त्या शंभर लिटर कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी लिटरहून जास्त बाहेरून येतं. स्वयंपाकाच्या गॅसचाही निम्म्याहून जास्त वाटा आयातीचा. विजेचं तसं नाही. कोराडी-खापरखेड्याला जळतो तो कोळसा बहुतेक आपल्याच मातीतला. म्हणजे मोटर चालली तर इंधन घरचं, आणि इंजिन चालवलं तर परक्याचं. भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातल्या किती विहिरींवर इंजिनं धडधडत होती, ते तुम्हीच पाहिलंय.

२००६ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी आले. तोवर इंजिनिअर होऊन नोकरीला लागले होते. लाइन दहा-दहा तास नसायची, आणि बाबा रोज मोटरसायकलला डबा बांधून डिझेल आणायचे. मी म्हटलं, "बाबा, थोडं कमी चालवा ना इंजिन." ते म्हणाले, "अवं पोरी, झाडं काय सुट्टीवर जाते का?"

उत्तर बरोबर होतं. पाणी कमी देणं म्हणजे बचत नव्हे, ते झाडाचं मरण आहे. मग मला आपल्या विज्ञानाच्या सरांचा फळा आठवला. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तेव्हा मला ते फक्त पाठ होतं. पाणी किती उंच उचलायचं ते विहीर ठरवते. पण त्याखेरीज इंजिन पाइपाशीही भांडत असतं, आणि ते भांडण आपण लावलेलं असतं.

मी दोनशे लिटरचा ड्रम पाइपाच्या तोंडाशी ठेवला आणि घड्याळ लावलं. भरायला चाळीस सेकंद. मग विहिरीपासून बगीच्यापर्यंत फिरले. पाइप अडीच इंची, विनाकारण तीन एल्बो, आणि तळाचा फूटव्हॉल्व्ह गंजून अर्धा बंद. पाइपाचा व्यास अडीचवरून तीन इंच केला, तर तेवढंच पाणी नेताना घर्षण निम्म्याहूनही कमी होतं. बाबा खर्चाला कुरकुरले, दोन दिवस माझ्याशी नीट बोललेही नाहीत. पण पाइप आणि फूटव्हॉल्व्ह बदलला, दोन एल्बो काढले. ड्रम तेहतीस सेकंदांत भरला. म्हणजे सहा तासांचं पाणी पाच तासांत. तसं इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पितं, म्हणजे रोज एक लिटर वाचलं. बाबांनी संध्याकाळी डबा हलवून पाहिला आणि म्हणाले, "उरलं की वं!"

मला नंतर वाटत राहिलं, हे १९९१ मध्ये कोणी का केलं नाही? बाबा हुशार होते. पण मीटर नसलेल्या पंपाचं बिल हॉर्सपॉवरवर येतं. मोटर चार तास चालो की आठ, आकडा तोच. मग वाया काय जातं ते कळणार कसं? डिझेलचा डबा निदान हाताला जड लागतो.

आता सौर पंप आले. मी त्यांच्या बाजूची आहे, आमचं इंजिन त्यामुळेच भंगारात गेलं. पण एक गोष्ट टोचते. १९९१ मध्ये आमच्या विहिरीत चाळीस फुटांवर पाणी होतं. आज त्याच वावरात बोअरची मोटर तीनशे फुटांवर आहे. तेच एक मडकं पाणी वर आणायला आता कितीतरी जास्त कार्य लागतं, सरांच्याच सूत्राने. आणि ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर सुरू राहतो, धुऱ्यापलीकडे पाणी गेलं तरी कोणी बंद करत नाही. पाणी असंच खाली जात राहिलं, तर पुढे ते पॅनेल पुरणार नाही, आणि डिझेलचा डबा मोटरसायकलला परत बांधावा लागेल. माझा भाऊ याबाबतीत माझं ऐकत नाही. त्याचं म्हणणं, शेजारी उपसतो तर मी का थांबू? त्याला द्यायला माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर अजून नाही. ठिबक मात्र त्याने लावलं.

मी उद्या दुपारपर्यंत काटोलला आहे. ज्यांचे बगीचे आहेत त्यांनी सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी या. दोन-तीन वावरांत जाऊन येऊ. टेप आणि घड्याळ माझ्याकडे आहे, ड्रम कोणीतरी आणा.