गढूळ पाणी निवळते कसे?
संतपूर ज्या बीदर जिल्ह्यात आहे, तेथून वाहणारी मांजरा पावसाळ्यात गढूळ होते. ते पाणी हंड्यात भरून ठेवले तरी गाळ लवकर बसत नाही. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो. समान भारामुळे ते एकमेकांस दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटी फिरवताच तिच्यातील ॲल्युमिनियमचा धन भार हा दुरावा मिटवतो. मग कण परस्परांस बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि वजनाने तळाशी बसतात. निवळीचे बी उगाळून घातले तरी हेच कार्य साधते. सुश्रुतसंहितेत ते ‘कतक’ या नावाने आले आहे.

परंतु निवळलेले पाणी निर्जंतुक झाले, असे समजू नये. पटकीचे व विषमज्वराचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे, गाळावे व उकळूनच मुलांस द्यावे.