डोळे झाकून ऐका



गणपती तोंडावर आले की मंडळांमध्ये नव्या साऊंड सेटवरून वाद रंगतो. एक म्हणतो, "मला कान आहेत, मी सांगतो." दुसरा म्हणतो, "मोजून दाखव." अध्यक्षाने दोघांची समजूत काढायची असते. मी मात्र कानाची बाजू घेणार आहे, फक्त एका अटीवर: डोळे झाकून ऐकायचं.

कानाची ऐपत लहान नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तारेची लांबी मोजून श्रुतींचा हिशेब मांडला, १९१० साली पुस्तक काढलं. पण मोजायचे ते स्वर आले कुठून? गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून आणि कानातून. मिरजेचा कारागीर आजही तंबोऱ्याची जवारी कानानेच लावतो. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, लगेच तार छेडायची, पुन्हा सरकवायचा. त्याचा कान चुकत नाही, कारण आधीचा नाद अजून ताजा असतो.

आपण दुकानात नेमकं उलट करतो. एक स्पीकर ऐकतो, चहा घेतो, किंमत विचारतो, मग दुसरा ऐकतो. तोवर पहिल्याचा आवाज आठवणीतून गेलेला असतो, राहते ती किंमत. १९९४ साली ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. गुण बदलले! आणि ऐकणारे होते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच. व्हायोलिनवाल्यांचीही तीच गत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ यांच्या प्रयोगात २१ अनुभवी वादकांना काळे चष्मे घालून नवी-जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली, तर सर्वांत कमी पसंती एका नामांकित जुन्या स्ट्रॅडिव्हेरियसच्या वाट्याला आली.

डोळा हा पहिला लबाड, दुसरा लबाड म्हणजे आवाजाची पातळी. अर्धा-एक डेसिबल जास्त वाजणारा संच मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. विकणाऱ्याचा हात नॉबवर असतो, हे तुम्हा साऊंडवाल्यांना मी काय सांगावं! उपाय आपल्या टूलबॉक्समध्येच आहे. दोन ॲम्प्लिफायर तोलायचे असतील तर एकच स्पीकर ठेवा, १०० हर्ट्झचा स्थिर सूर सोडा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून दोघांचे व्होल्ट जुळवा. दोन टक्क्यांचा फरकसुद्धा साधारण ०.२ डेसिबल होतो. मग गाणं लावा, ओळीओळीला अदलाबदल करा, आणि कोणता संच चालू आहे हे बदलणाऱ्याखेरीज कुणाला कळू देऊ नका. तो बदलणाराही ऐकणाऱ्यांच्या नजरेआड हवा. त्याच्या चेहऱ्यावरूनही माणसं ओळखतात. स्पीकरचं काम अवघड, कारण तिथे व्होल्ट जुळवून भागत नाही. बसण्याच्या जागी आवाज मोजावा लागतो.

एक कडू गोष्टही सांगतो. वर्षानुवर्षं मिरवणुकीत भिंतीएवढ्या सेटसमोर उभं राहणाऱ्यांचे वरच्या पट्टीचे कान आधी जातात. अशा माणसाने ट्रेबलचा निवाडा करू नये. त्याने आधी कान तपासून घ्यावेत.

रत्नागिरीतल्या मंडळांना माझी विनंती एवढीच: यंदा सेट घेण्याआधी दुकानदाराकडे एक चादर आणि एक मल्टिमीटर मागा. तो नाही म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.