जॉनी सेन : पिचरांचा शिक्षक

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्या श्रोत्यांना तो गोलंदाजाचा सख्खा भाऊ वाटेल. परंतु त्याची स्थिती फार निराळी आहे. त्याला धावत येण्याची मुभा नाही. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभे राहून, 60 फूट 6 इंचांवरून, कोपर वाकवून त्याला चेंडू फेकावा लागतो आणि तो टप्पा न घेता फलंदाजाकडे जातो. खेळपट्टीचे साहाय्य नाही. जे वळण द्यावयाचे ते मनगट व बोटे यांच्या बळावर, हवेतच. एका सामन्यात असे शंभराहून अधिक चेंडू फेकले की खांदा आणि कोपर यांची काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नको. या हातांची निगा राखणे आणि त्यांना नवी विद्या देणे हा अमेरिकेत एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. या व्यवसायात जॉनी सेन यांच्याइतके यश आणि त्यांच्याइतकी बडतर्फी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल.

आडनावावरून त्यांस कोणी बंगाली समजू नये. त्यांचा जन्म 1917 साली आर्कान्सा राज्यातील हवाना या खेड्यात झाला. वडील मोटारी दुरुस्त करीत. सेन यांच्या चेंडूला फारसा वेग नव्हता. वळण मात्र होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात विमानोड्डाणाचे शिक्षण घेतले. हवेचा दाब व वस्तूची गती यांचे तेथे मिळालेले ज्ञान पुढे आपल्या चेंडूला उपयोगी पडले, असे ते सांगत. 1946 ते 1950 या पाच हंगामांपैकी चारांत त्यांनी वीस किंवा अधिक सामने जिंकले. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू वर्णभेदाची भिंत ओलांडून प्रथम मैदानात उतरला, तेव्हा समोर उभे असलेले पिचर सेनच होते.

न्यूयॉर्कच्या यांकी संघाने 1961 साली त्यांना प्रशिक्षक नेमले. तेथे व्हायटी फोर्ड हा कसलेला डावखुरा पिचर होता, पण त्याने एका हंगामात वीस सामने कधीच जिंकले नव्हते. फार विश्रांती देऊन त्याचा हात जपला जाई. सेन यांचे मत याच्या नेमके उलट होते. हात वापरल्याने झिजतो त्यापेक्षा न वापरल्याने अधिक गंजतो, असे ते मानीत. सामन्यांमधील दिवसांतही पिचरने बेताच्या जोराने चेंडू टाकीत राहावे. मैदानाभोवती धावायला लावून त्याला दमविण्यात अर्थ नाही, कारण चेंडू पायांनी फेकावयाचा नसतो. फोर्डने त्या वर्षी 25 सामने जिंकले आणि केवळ चार गमावले.

त्यांचे आवडते साधन अगदी साधे होते. दांडीवर बसविलेला चेंडू मनगटाने फिरवावयाचा आणि शिवण कोणत्या दिशेने वळते ते डोळ्यांनी पाहावयाचे. त्यासाठी मैदान लागत नसे. निवासाच्या खोलीतही सराव करता येई. ते कोणावर आपली पद्धत लादीत नसत. प्रत्येकाच्या हातात जे आहे तेच अधिक कसे फुलेल, एवढेच पाहत. आपल्या योग्यतेप्रमाणे पगार मागावयासही ते तरुणांना उत्तेजन देत. मालकांना हे रुचणे कठीणच होते.

संघव्यवस्थापकांशी मात्र त्यांचे जमले नाही. आपले पिचर ही आपलीच जबाबदारी, असा त्यांचा आग्रह असे आणि संघात दोन सत्ता नांदत. 1963 नंतर ते यांकी संघातून बाहेर पडले. मिनेसोटा संघ 1965 साली अमेरिकन लीगचा विजेता झाला आणि पुढच्या वर्षी जिम काट याने 25 सामने जिंकले. तरीही त्या हंगामाअखेर सेन यांना निरोप देण्यात आला. काटने तेव्हा संघाच्या चाहत्यांस उघड पत्र लिहून आपला निषेध नोंदविला. चालू नोकरीत असलेल्या खेळाडूने असे करणे धाडसाचेच होते. डेट्रॉइटमध्ये 1968 साली डेनी मॅक्लेन याने 31 सामने जिंकले. 1934 नंतर तिसाचा आकडा कोणी गाठला नव्हता आणि त्यानंतरही अद्याप कोणी गाठलेला नाही. संघ जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी, हंगाम संपण्यापूर्वी, सेन तेथूनही गेले.

शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघात 1971 पासून त्यांना काही स्वस्थता लाभली. तेथे विल्बर वुड याने 1972 साली एकूण 49 सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून चेंडू टाकला. त्याचा चेंडू संथ व जवळजवळ न फिरणारा असल्याने हाताला ताण कमी, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सर्वांस हे झेपेल असे नव्हे. 1973 साली मिनेसोटाने काटला सोडून दिले. वय चौतीस, बहुतेकांच्या लेखी तो संपलेला होता. शिकागोत सेन पुन्हा भेटले आणि काटने पुढील दोन हंगामांत अनुक्रमे 21 व 20 सामने जिंकले.

अटलांटा संघाच्या दुय्यम पथकांत सेन यांच्या सहवासात लिओ मॅझोनी नावाचा तरुण प्रशिक्षक शिकत होता. 1990 साली तो मुख्य संघाचा पिचिंग प्रशिक्षक झाला, आणि दोन सामन्यांच्या मध्ये एकदा नव्हे, दोनदा चेंडू टाकण्याचा क्रम त्याने ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ आणि मॅडक्स यांना लावून दिला. हे तिघेही पुढे बेसबॉलच्या सन्मानदालनात गेले. सेन यांचे निधन 2006 साली झाले. काटला त्या दालनात प्रवेश मिळाला तो 2022 साली.